कावीळ मोठी होते आहे

कोल्हापुरात कुणाला कावीळ झाली की डॉक्टरच्या आधी दोन सल्ले मिळतात: माळ घाल आणि उसाचा रस पी. माळ निदान निरुपद्रवी. रसवंतीतला रस मात्र बर्फासकट येतो आणि तो बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कुणी विचारत नाही. हिपॅटायटिस एचा विषाणू अशाच वाटेने पोटात जातो आणि साधारण चार आठवड्यांनी डोळे पिवळे करतो.

हा आजार एकदा झाला की जन्मभर पुन्हा होत नाही. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना तर तो होऊन गेल्याचे घरातही कळत नाही. मोठेपणी गाठले, तर दहांतल्या सातांहून अधिक जण पिवळे पडतात आणि क्वचित यकृत निकामी होते. विहिरीचे आणि नदीचे पाणी तसेच पिणाऱ्या पिढ्यांनी हा विषाणू रांगत्या वयातच पचवला. ती ताकद फुकट नव्हती. त्याच पाण्यातल्या हगवणीने किती पोरे नेली, हे विसरून जुन्या पाण्याचे गोडवे गाणाऱ्यांशी माझे जमत नाही.

प्रौढांची ही तटबंदी किती पक्की होती, ते दिल्लीने दाखवले. 1955-56 मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे 29,300 लोकांना कावीळ झाली, त्यात प्रौढच जास्त. वर्षानुवर्षे ही साथ ‘ए’चीच समजली गेली. 1980 साली जपून ठेवलेले रक्तनमुने तपासले, तेव्हा विषाणू वेगळाच निघाला. त्याला पुढे ‘ई’ नाव मिळाले. ‘ए’ला दिल्लीकर प्रौढ लहानपणीच पुरून उरले होते. आपल्या इचलकरंजीत 2012 साली माणसे दगावली तीही ‘ई’नेच.

‘ए’ची तटबंदी ढासळू लागल्याचा पुरावा पुण्यात सापडला. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी 1982 ते 1998 या काळातल्या रक्तनमुन्यांतली प्रतिपिंडे तपासली. खेड्यांत जवळपास प्रत्येकाला बालपणीच संसर्ग झालेला होता. शहरातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांत मात्र प्रतिपिंडे असणाऱ्यांचे प्रमाण उतरत गेले होते. एकाच जिल्ह्यात दोन काळ शेजारी शेजारी नांदत होते म्हणायचे!

अशी असुरक्षित मुले मोठी झाली की काय होते? 1988 साली शांघायमध्ये अर्धकच्च्या शिंपल्यांतून सुमारे तीन लाख लोकांना हा आजार झाला, त्यांत तरुण प्रौढांचा भरणा होता. आपल्याकडे, शौचालयांत पुढारलेल्या केरळात, 2005 च्या सुमारास कोट्टयममध्ये हजाराहून अधिक रुग्ण सापडले. तिथेही प्रौढच पुढे.

कोल्हापूर आता त्याच वळणावर आहे. 2023 च्या दिवाळीच्या तोंडावर थेट पाईपलाईनने काळम्मावाडी धरणाचे पाणी शहरात आले. त्याआधी भिस्त भोगावती-पंचगंगेच्या उपशावर होती आणि 2019, 2021 च्या महापुरांत उपसा केंद्रेच बुडाल्याने टँकरमागे धावावे लागले होते. धरणाचे पाणी चांगलेच आहे. पण गटारीला खेटून गेलेली गल्लीतली जुनी जलवाहिनी, रसवंतीचा बर्फ, वसतिगृहाची टाकी तीच राहिली, तर बालपणी वाचलेला मुलगा विसाव्या वर्षी सापडेल. मला भीती घाण पाण्याइतकीच या अर्धवट सुधारणेची वाटते.

लस आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात जिवंत, दुर्बल केलेल्या विषाणूची लस मुलांना एकदाच टोचून पंधरा वर्षे पाठपुरावा केला गेला. बहुतेकांची प्रतिपिंडे टिकली होती. 2024 मध्ये हैदराबादच्या कंपनीची ‘हॅविशुअर’ आली. मात्र सरकारी लसीकरणाच्या यादीत ‘ए’ नाही, म्हणजे ज्याला परवडते तो खासगीत टोचून घेतो. उरतात ते मधले: लहानपणी संसर्ग चुकलेले आणि सुईही न मिळालेले, आज कॉलेजात असलेले किंवा नोकरीला लागलेले.

संसर्गानंतर दोन आठवड्यांच्या आत टोचली तरी लस उपयोगी पडते. घरातल्या रुग्णामुळे धोक्यात आलेल्यांना हे साधते. पाण्यातून आलेल्या साथीत मात्र पहिला माणूस पिवळा दिसेपर्यंत ते दोन आठवडे बहुधा उलटून गेलेले असतात.