कॉलेजचा अंक पारावर यावा

शेतकरी मंडळी, पुण्यात शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाची जुनी दगडी इमारत तुम्ही येता-जाता पाहिली असेल. शंभर वर्षांपूर्वी या कॉलेजचं स्वतःचं नियतकालिक निघायचं. नाव 'पूना ॲग्रिकल्चरल कॉलेज मॅगझीन'. झाडं, किडी, बुरशी, माती यांचं शास्त्र शिकवणारे आणि शिकणारे त्यात लिहायचे. पण अंक इंग्रजी! ज्याच्या पिकावर लेख, त्यालाच तो वाचता यायचा नाही.

जुन्या अंकाचं आता आम्हाला काय, असं तुम्ही म्हणाल. तर ज्वारीची काणी घ्या. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरायची. कुणी म्हणे हवा बाधली, कुणी म्हणे जमिनीचा दोष. खरं कारण वेगळंच. मळणीत काणीचं कणीस फुटलं की ती भुकटी चांगल्या बियाला चिकटते. बी उगवताना बुरशी कोंबात शिरते आणि कणीस पडेपर्यंत दिसत नाही. दिसते तेव्हा इलाज संपलेला असतो. म्हणून इलाज पेरणीआधीच करायचा. शेतकी खात्यानं तेव्हा बी मोरचुदाच्या पाण्यात बुडवायला सांगितलं, पुढे गंधक चोळायला. आजही ३०० मेश गंधक किलोला ४ ग्रॅम चोळतात, ते याच कारणानं. कारण शोधणारे शास्त्रज्ञ होते, पण पीक वाचलं ते गोष्ट मराठीत शिवारापर्यंत पोचली म्हणून.

त्या काळी कॉलेजची माणसं गावातही यायची. प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळचं पिंपळे सौदागर गाव निवडून जमीन, कर्ज, मजुरी सगळं नोंदलं. १९१७ साली त्याचं पुस्तक झालं. १७७१ मध्ये तिथं सरासरी धारण ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. आज त्या गावात उंच इमारती उभ्या आहेत, पण नोंद राहिली म्हणून आपल्याला हे कळतं. तुमच्या गावाची अशी नोंद कुठं आहे?

इंग्रजीची अडचण काही जाणत्यांनी तेव्हाच ओळखली. १९२८ मध्ये पुण्यातच 'सृष्टिज्ञान' हे मराठी विज्ञान मासिक सुरू झालं. पुढे १९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ झालं. त्यांची 'कृषिदर्शनी' आता अनेकांच्या घरी असते. म्हणजे वाचायला मराठीत मिळतं. अडतं कुठं? आपण उलट काही कळवत नाही. विद्यापीठानं सांगायचं आणि आपण ऐकायचं, एवढाच व्यवहार. पानावर नवा ठिपका पहिल्यांदा दिसतो तो शेतकऱ्याला, प्राध्यापकाला नव्हे. पण ते कागदावर येत नाही. औषध दुकानदाराला विचारून फवारा मारून आपण मोकळे होतो.

तेव्हा एवढं करा. रोग दिसला की तारीख, वाण, पेरणीचा दिवस, पाणी, मारलेली औषधं वहीत लिहा. एक रोगट आणि एक निरोगी झाड मुळासकट उपटून वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये घालू नका, कुजतं. मग ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. पुणे जिल्ह्यात बारामती आणि नारायणगावला अशी केंद्रं आहेत. उत्तर लेखी मागा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. शेतीची मासिकं कपाटात कुलूपबंद ठेवू नका. हंगामाआधीच्या ग्रामसभेत कामाचं एखादं पान मोठ्यानं वाचा. शेतकऱ्यांच्या वह्यांतल्या नोंदी एकत्र करून वर्षाला एकदा विद्यापीठाकडे धाडा.

शास्त्र पुण्यात छापलं जाईल, राहुरीत छापलं जाईल. पण त्यात आपल्या शिवाराचं नाव यायचं, तर पहिली ओळ आपणच लिहायला हवी. या खरिपापासून एक वही घाला.