डाय बनवायला टाकण्याआधी नग मोजा

ॲल्युमिनियम कास्टिंगचा धंदा सुरू करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, डाय केवढ्याला पडेल?" त्याआधी दुसरा विचारा. तोच पार्ट, त्याच ड्रॉइंगचा, एकूण किती नग लागणार आहे?

वाळूचा साचा एका नगानंतर मोडतो. डाय म्हणजे बीडाचा किंवा टूल स्टीलचा कायमचा साचा. रस ओता, गोठू द्या, उघडा, नग काढा, पुन्हा बंद करा. नीट सांभाळली तर एक डाय हजारो नग देते. धातूच्या साच्यात रस लवकर थंड होतो, त्यामुळे दाणा बारीक येतो, ताकद वाढते, फिनिश चांगलं मिळतं आणि मशीनिंग कमी लागतं. मी इथे ग्रॅव्हिटी डाय कास्टिंगबद्दल बोलतोय, ज्यात रस स्वतःच्या वजनानं साच्यात उतरतो. प्रेशर डाय कास्टिंगला महागडं मशीन लागतं. सुरुवातीलाच त्या वाटेला जाऊ नका.

आता हिशोब. आकडे फक्त समजण्यापुरते धरा. डाय 80,000 रुपयांची. वाळूत नग 120 ला पडतो, डायमध्ये 85 ला. नगामागे 35 रुपये वाचले. 80,000 भागिले 35, म्हणजे साधारण 2,286 नग झाल्यावर डायचे पैसे सुटतात. महिन्याला 800 नगांची ऑर्डर असेल तर तीन महिन्यांच्या आत. 200 चीच असेल तर जवळजवळ वर्ष जातं, आणि कर्ज काढलं असेल तर व्याज वेगळं!

लॉट किती मोठा, तेही बघा. डाय साधारण 200 ते 300 अंशांपर्यंत तापलेली लागते. थंड डायमध्ये रस कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत गोठतो. बर्नरनं तापवली तरी सुरुवातीचे काही नग बहुतेक वेळा परत भट्टीतच जातात. पन्नास नगांच्या लॉटमध्ये हे नुकसान जास्त टोचतं. (डाय किंवा पळी ओली असेल तर रस उसळून अंगावर येतो. डायकोट लावलात की पूर्ण वाळू द्या, घाई नको.)

खरी फसगत मात्र ड्रॉइंगमध्ये होते. पार्ट जाड करायचा असेल तर डाय थोडी कोरून भागतं. बारीक करायचा असेल तर डायमध्ये धातू भरावा लागतो, म्हणजे वेल्डिंग आणि पुन्हा मशीनिंग. म्हणून आधीचे सॅम्पल वाळूतच काढा, गिऱ्हाइकाकडून फिटिंग पास करून घ्या आणि मगच डायची ऑर्डर द्या.

कोटेशनमध्ये टूलिंगची रक्कम वेगळ्या ओळीत दाखवा, नगाच्या दरात लपवू नका. डाय कोणाच्या मालकीची, दुरुस्ती कोणी करायची, ड्रॉइंग बदललं तर खर्च कोणाचा, हे पर्चेस ऑर्डरवर लिहून घ्या. आणि डायवर पार्ट नंबर कोरून ठेवा, रॅकवर दहा डाय झाल्या की शोधाशोध होते.