रोज दहा किलो सोनं!

रोमचा माग काढायला सिसिलीचं विमान कशाला? पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला निघा. शहराच्या साधारण 70 किलोमीटर अलीकडे, संगारेड्डीजवळ, कोंडापूर लागतं. (आयटीवाल्यांचं, ट्रॅफिकमध्ये तुंबलेलं कोंडापूर वेगळं!) तिथलं कोटागड्डा नावाचं टेकाड 1940च्या दशकात निजामाच्या पुरातत्त्व खात्याने खणलं आणि सातवाहनांचं अख्खं गाव वर आलं. विटांच्या भिंती, जवळजवळ 2,000 नाणी, आणि सोन्याचं एक नाणं चक्क रोमन सम्राट ऑगस्टसचं! संगमरवरी खांब नाहीत, रंगमंडल नाही. पण त्या इवल्या नाण्यामागचा पैसा मोजायला बसलं की डोकं गरगरतं.

रोमन लेखक प्लिनी इ.स. 77च्या सुमारास कुरकुरतो : भारत आपल्याकडून मालापोटी दरवर्षी किमान पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. पाच कोटी! साध्या रोमन शिपायाचा वर्षाचा पगार 900 सेस्टर्स. म्हणजे 55 हजारांहून जास्त शिपायांचा वर्षभराचा पगार. एवढे शिपाई हैदराबादच्या उप्पल स्टेडियममध्ये बसवले तर काहींना बाहेरच उभं राहावं लागेल!

आता याची चांदी करू. चार सेस्टर्सचा एक दिनार, म्हणजे सव्वा कोटी दिनार. दिनार रुंदीला जेमतेम 19 मिलिमीटर. मुंबईच्या सीएसएमटीपासून रुळाच्या कडेने एकाला एक चिकटवून मांडत चला. कर्जत गेलं, खंडाळ्याचा घाट चढला, 192 किलोमीटरवर पुणं आलं, तरी नाणी शिल्लकच! रांग थेट दौंडच्या वाटेला लागते.

आणि सोन्यात? शंभर सेस्टर्सचं एक सोन्याचं नाणं, वजन सुमारे 7.3 ग्रॅम. अशी पाच लाख. झालं 3,650 किलो! दहा ग्रॅमचा तोळा एक लाख रुपयांनी धरला तर 3,650 कोटी रुपये. भागा 365ने. दिवसाला दहा किलो सोनं, दहा कोटी रुपये, अगदी दिवाळीची सुट्टीसुद्धा न घेता! प्लिनीने रागाच्या भरात आकडा फुगवला असेल. बरं, निम्मा धरा. तरी रोज पाच किलो!

शिवाय ही झाली नुसती खरेदी. प्लिनीच म्हणतो, इकडचा माल तिकडे शंभरपट भावाने विकला जाई. म्हणजे 3,650 कोटींच्या मालाचे रोमच्या बाजारात 3 लाख 65 हजार कोटी!