शरदातील परसबाग आणि जयणा

भाद्रपद सरत आला की पावसाचा जोर ओसरतो. बागेतील ओल मात्र तशीच राहते. पुण्या-नाशिककडील घरांच्या परसबागा या दिवसांत अंगभर भिजलेल्या असतात. कुंपणावर निळी गोकर्ण चढलेली असते, भिंतीच्या कडेला न पेरलेला तेरडा गुलाबी होऊन उभा असतो आणि दिवेलागणीला गुलबक्षी उमलते. वनस्पतिसृष्टीच्या या ऐन बहरातच जैन गृहस्थाचा संयम सर्वाधिक कडक असतो. भूमी सूक्ष्म जीवांनी भरलेली असते म्हणूनच साधू-साध्वी चार मास एका स्थानी स्थिर राहतात. तीच भूमी आपल्या दारात बाग म्हणून पसरलेली असते, याचा विसर पडणे मात्र सोपे आहे.

शरदातील फुलांत मान पारिजातकाचा. त्याची पाने हाताला खरखरीत लागतात आणि फूल इतके नाजूक असते की रात्री उमलते व पहाटे स्वतःच देठ सोडते. त्याच्या केशरी देठांपासून पूर्वी वस्त्रे रंगवीत. भूमीवर पडलेले फूल पूजेस वर्ज्य मानणाऱ्या मूर्तिपूजक घरांत आदल्या रात्री झाडाखाली धूत वस्त्र अंथरण्याची रीत आहे. त्यामुळे फूल तोडावे लागत नाही आणि ते मातीलाही टेकत नाही. दिगंबर तेरापंथी परंपरेत पुष्पांच्या जागी केशरी अक्षता असतात, तर स्थानकवासी घरांत द्रव्यपूजाच नसते. तेथे हा सडा केवळ पाहण्यासाठी. तोही काही कमी लाभ नव्हे.

पानांची शोभा फुलांहून अधिक काळ टिकते. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो. त्याखालचा कंद अनंतकाय म्हणून वर्ज्य असला तरी पानाच्या रूपास कोणाची हरकत नसावी. श्रावणातील ढगाळ दिवसांत फिके पडलेले क्रोटन आश्विनाच्या उन्हात पुन्हा लाल-पिवळे होऊ लागतात. याच सुमारास काही रोपांची खालची पाने पिवळी पडतात आणि मालक घाईने खत-पाणी देतात. खरे दुखणे बहुधा मुळांशी असते. कुंडीचे छिद्र बुजले की माती चिखल होते, मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. छिद्र मोकळे करून काही दिवस पाणी थांबवणे हाच त्यावर पहिला उपाय.

खरी कसोटी पुढे आहे. ओलाव्याबरोबर गोगलगाई येतात, कळ्यांवर मावा दिसतो, फरशीवर शेवाळ धरते. माळी फवारणीची बाटली काढतो, आणि औषध ‘सेंद्रिय’ आहे एवढ्यावर घरच्यांचे समाधान होते. हे समाधान तपासण्याजोगे आहे. निंबोळीचे तेल अथवा तंबाखूचा काढा रासायनिक नसेल. कीटकांच्या दृष्टीने तो घातकच आहे. सेंद्रिय आणि अहिंसक हे दोन शब्द समानार्थी नव्हेत.

जैन आचाराने यासाठी फार जुना शब्द दिला आहे: जयणा, म्हणजेच यत्नाचार. जीव उत्पन्न झाल्यावर त्याला मारण्याची वेळ येऊ नये म्हणून आधीच सावध राहणे. शेवाळात निगोदाचे अनंत जीव मानले आहेत, म्हणून ते खरवडण्याऐवजी पावसाळ्यापूर्वीच अंगण उतरते करून फरशीवर रंगाचा हात द्यावा. कुंड्यांखालील बशांत वाळू भरली की पाणी साचत नाही आणि डासांची पैदासच टळते. दाटलेल्या रोपांत वारा खेळता ठेवला, तर ओल लवकर सुकते व रोगही कमी होतो. गोगलगाईवर मीठ टाकणे ही तर क्रूरताच. तिला पुठ्ठ्यावर घेऊन सावलीच्या ओल्या जागी सोडावे. द्वींद्रिय जीवासाठी दोन मिनिटे मोडली, तर दुकान उघडण्यास उशीर होत नाही.

कढीलिंबाची डहाळी घेताना पान उलटून पाहावे. प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी आणि पुढे हिरवीगार होणारी एखादी अळी तेथे असते. काही पाने ती खाते. काही दिवसांनी तिचेच फुलपाखरू होऊन गोकर्णीवर फिरते. वापरापुरती पाने दुसऱ्या फांदीवर मिळतातच.

आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत आयंबिलाची ओळी चालते. घरात ताटातील रस उतरतो, तेव्हा बाहेर शेवंतीला कळ्या धरू लागतात. रात्री लांबत गेल्या की कळी धरायची, हा तिचा स्वभावच आहे. दिवाळीत, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, तिचा बहर ऐन भरात असतो.

प्रश्न उरतो गुलाबाचा. पाऊस थांबताच छाटणी करण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि छाटणीनंतर सुमारे दीड-दोन महिन्यांत फूल येते. चातुर्मासात फांदीला कात्री लावायची नाही असे ठरवलेल्या घरांनी कार्तिकी पौर्णिमेपर्यंत थांबावे. तोवर वाळलेल्या काटक्या तेवढ्या वेचाव्यात. महाराज विहारास निघाल्यावर छाटणी केली, तरी पौषाच्या थंडीत गुलाब दारी फुललेला असतो.