परावर्तित प्रकाशयोजना
परावर्तित प्रकाशयोजना ही चित्रीकरणातील प्रकाशयोजनेची एक पद्धत आहे. तिच्यात दिव्याचा झोत थेट व्यक्तीवर न टाकता भिंत, छत किंवा पांढऱ्या कापडावर टाकतात आणि तेथून परतणाऱ्या प्रकाशात चित्रीकरण करतात. प्रकाशाचा उगम जितका विस्तृत, तितक्या सावल्यांच्या कडा सौम्य होतात.

सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' (१९५६) या चित्रपटासाठी बनारसमधील घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले होते. आभाळातून अंगणात उतरणारा मंद उजेड तेथे आणण्यासाठी छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून खालून त्यावर दिवे रोखले.

व्हिडिओ कॉललाही हेच तत्त्व लागू पडते. टेबलावरचा दिवा समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवल्यास चेहरा सौम्यपणे उजळतो. भिंत रंगीत असल्यास मात्र तिची छटा चेहऱ्यावर उतरते. पाठीमागे उघडी खिडकी असेल, तर कॅमेरा तिच्या उजेडाशी जुळवून घेतो व चेहरा काळवंडतो. अशा वेळी नवा दिवा आणण्यापूर्वी खुर्ची फिरवून पाहावी. ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेणाऱ्या कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी शिक्षकाच्या चेहऱ्यावरील उजेड ही केवळ शोभेची बाब नसते.