कार्यकर्ता कसा घडतो? ‘प्रेरणा काय होती’ हा प्रश्न मी का सोडला

पवनी तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावठाणात मी माझी पहिली मुलाखत घेतली. रेकॉर्डर सुरू केला, प्रश्नावली उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, “तुम्हाला चळवळीत यायची प्रेरणा कुठून मिळाली?” समोरचे काका सरळ बसले आणि वीस मिनिटं बोलले. धरण, अन्याय, बाबासाहेब, संविधान, शेतकऱ्याचा घाम. सगळं खरं होतं, मनापासून होतं. पण मोर्चासमोर भाषण करताना ते जे बोलायचे, तेच जवळजवळ त्याच क्रमाने होतं.

रेकॉर्डर बंद केला, चहा आला. तेव्हा ते सहज म्हणाले, “मी कायचा पुढारी जी? नोटीस आली तवा मोहल्ल्यात कागद वाचणारा मीच होतो.”

माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्या एका वाक्यावर उभं आहे, आणि ते वाक्य रेकॉर्डरमध्ये नाही. तुमच्यापैकी कुणी सामाजिक चळवळींवर सिनॉप्सिस लिहीत असेल, तर हा लेख त्यांच्यासाठी. गावपातळीवरचा माणूस संघटनेच्या कामात कसा येतो, यावर अभ्यासकांनी काय म्हटलंय आणि आपल्या भागात ते कुठे लागू पडतं, कुठे पडत नाही, ते सांगतो.

सगळ्यांना एकच नोटीस, मग एकच माणूस का उठतो?

आधी पार्श्वभूमी. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द प्रकल्पाचं भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची, असा बेत होता. 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. बुडीत क्षेत्रातली गावं मुख्यतः भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली. शेती गेली, घरं गेली, नदीकाठच्या वाड्या गेल्या. नव्या गावठाणात ज्या नागरी सुविधा मिळायला हव्या होत्या, त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं निवेदनं द्यावी लागली. धरणं, मोर्चे, नदीत उतरून जलसमाधीचे इशारे असं सगळं झालं. 2013 मध्ये राज्य सरकारने प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे 1200 कोटींचं विशेष पॅकेज जाहीर केलं, ते या दबावाशिवाय आलं असतं असं म्हणणं अवघड आहे.

आता प्रश्न असा. अन्याय झाला म्हणून माणूस कार्यकर्ता झाला, असं आपण चटकन लिहितो. पण अन्याय तर एकाच गल्लीतल्या पन्नास घरांवर झाला. नोटीस सगळ्यांना आली, मोबदल्याचा दर सगळ्यांचाच कमी होता. पन्नासातली चाळीस माणसं मोर्चाला एकदा आली, पाच माणसं दर वेळी आली आणि एक माणूस बाकीच्यांना गोळा करणारा झाला. कारण सगळ्यांना समान असेल, तर त्यातून फरक समजत नाही. संशोधन पद्धतीच्या पेपरात हे आपण एका ओळीत लिहितो आणि फील्डवर गेलो की विसरतो. माझ्या पहिल्या मसुद्यावर गाईडनी समासात एवढंच लिहिलं होतं: “मग शेजारी का नाही आला?”

अभ्यासक काय सांगतात

दोन अभ्यास इथे उपयोगी पडतात. पेटसाठीही लक्षात ठेवा.

पहिला डग मॅकअ‍ॅडम यांचा. 1964 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी देशभरातून विद्यार्थी स्वयंसेवक गेले. जिवाला धोका होता, तिघांचा खूनही झाला. मॅकअ‍ॅडम यांच्या हाती सगळे जुने अर्ज लागले. निवड झालेल्यांपैकी 720 जण गेले आणि 239 जण ऐनवेळी मागे राहिले. त्यांनी दोन्ही गटांची तुलना केली. विचार, तळमळ, मूल्यं यांत फारसा फरक सापडला नाही. फरक होता तो ओळखींचा: जे गेले ते आधीपासून कुठल्या ना कुठल्या संघटनेत होते आणि जाणाऱ्यांपैकी कुणीतरी त्यांचे जवळचे मित्र होते.

दुसरा क्लँडरमन्स आणि ओगेमा यांचा, 1987 मधला. नेदरलँड्समध्ये अण्वस्त्रांविरुद्ध 1983 मध्ये मोठा मोर्चा निघाला. त्यांनी एका गावातल्या लोकांना मोर्चाच्या आधी आणि नंतर विचारलं. जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांची सहानुभूती होती. प्रत्यक्ष गेले ते शंभरात चार-पाच. त्यांनी या वाटेवरचे चार उंबरठे मांडले: सहानुभूती असणं, कुणीतरी येऊन सांगणं, जायची इच्छा होणं आणि मधले अडथळे ओलांडून खरंच जाणं. प्रत्येक उंबरठ्यावर माणसं गळतात.

दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले की ‘प्रेरणा’ हा शब्द लहान होतो. प्रेरणा पहिल्या उंबरठ्यावरची गोष्ट. ती पुष्कळांकडे असते. पुढचे तीन उंबरठे कुणाच्या मदतीने ओलांडले, हा खरा संशोधनाचा प्रश्न.

आपल्याकडे हे कुठे अडतं?

सिद्धांत उचलून तसाच चिकटवू नका. मॅकअ‍ॅडम यांचीच एक कल्पना आहे: माणूस आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर ‘मोकळा’ आहे. नोकरी, लग्न, मुलं यांत अडकलेला माणूस जोखीम कमी घेतो. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना हे लागू पडतं. भंडाऱ्यात धान उत्पादक शेतकरी कधी मोकळा असतो? रोवणी संपल्यावर, आणि कापणी-मळणी झाल्यावर. इथे मोकळेपण वयापेक्षा हंगामावर जास्त ठरतं. रोवणीच्या दिवसांत सभा ठेवली, तर कुणी येणार नाही, आणि बाहेरून आलेला अभ्यासक लिहून मोकळा होईल की ‘लोकांत उदासीनता आहे’. बायकांचा मोकळेपणा आणखी वेगळा. रोवणीची मजुरी त्यांचीच, घरचं कामही त्यांचंच. तरी त्या आल्या असतील, तर घरात त्यांचं काम त्या दिवशी कुणी केलं, हे विचारा. उत्तरात संघटना कशी चालते ते दिसतं.

तीन दारं

वाचन आणि फील्डवर्क यांतून मला गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांसाठी तीन दारं दिसली. ही काही अंतिम वर्गवारी नाही. तुमच्या भागात चौथं सापडेल.

पहिलं दार कागदाचं. माझे ते काका इथून आले. ज्याला नोटीस वाचता येते, सातबारा समजतो, अर्ज लिहिता येतो, त्याच्याकडे लोक येतात. आधी स्वतःच्या घरचा अर्ज, मग भावाचा, मग मोहल्ल्याचा. तहसील आणि पुनर्वसन कार्यालयाच्या चकरा मारता मारता तो ‘माहीतगार’ होतो. पुढे तालुक्याची समिती त्याला शोधत येते. गोसेखुर्द प्रकल्पग्रस्त संघर्ष समितीचे संयोजक म्हणून विलास भोंगाडे यांचं नाव सर्वपरिचित आहे. नागपुरातल्या घरकामगार बायकांच्या विदर्भ मोलकरीण संघटनेत, रूपाताई कुलकर्णी यांच्याबरोबरही तेच नाव दिसतं. धरणग्रस्त शेतकरी आणि शहरातल्या मोलकरणी, वरवर काही संबंध नाही. पण निवेदन कसं लिहायचं, सभा कशी बांधायची, अधिकाऱ्यासमोर किती ताणायचं, ही कौशल्यं एका लढ्यातून दुसऱ्यात जातात का, आणि कोणत्या माणसांमार्फत जातात, यावर एक स्वतंत्र प्रबंध होऊ शकतो.

दुसरं दार धंद्याचं, म्हणजे रोजच्या कामातून आलेल्या ज्ञानाचं. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलाव म्हणतात ते हे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने त्यातले पुष्कळ बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पाळ-पाटाची जी देखभाल गाव मिळून करत असे, ती हळूहळू सुटली. या तलावांवर जगणारा समाज ढिवरांचा. अर्जुनी मोरगाव तालुका 1999 मध्ये गोंदिया जिल्ह्यात गेला, त्याआधी भंडाऱ्यातच होता. तिथे मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने तलावांचा अभ्यास सुरू केला. पतीराम तुमसरे हे तिथले ढिवर मच्छीमार. कोणत्या पाणवनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, कोणता पक्षी कुठे बसतो, हे त्यांना कामातून माहीत होतं. बेशरमीने भरलेले तलाव साफ करायचे आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, हे काम या ज्ञानावर उभं राहिलं. इथे निषेधाच्या आधी काम आलं. तलाव सुधारायला गेलं की लिलाव, लीज, सोसायटीचे हक्क, अतिक्रमण हे सगळे प्रश्न आपोआप अंगावर येतात आणि मच्छीमाराचा कार्यकर्ता होतो. मच्छीमार सोसायट्यांचे सभासद बहुतेक पुरुष. म्हणून निमगावच्या शालू कोल्हे यांनी ढिवर बायकांना संघटित करून या कामात आणलं, त्याचं महत्त्व वेगळं आहे. ज्यांच्यासाठी नेहमीचं दारच बंद होतं, त्यांनी दुसरीकडून वाट काढली.

तिसरं दार अभ्यासाचं. यासाठी भंडारा सोडून थोडं खाली, गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात जावं लागेल. मेंढा (लेखा) गाव आणि देवाजी तोफा तुम्हाला माहीत असतील. 1980 च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं. पुढे वृक्षमित्रचे मोहन हिराबाई हिरालाल मेंढ्याला आले. गावात अभ्यास गट बसू लागला, ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होऊ लागले. गावाने बांधलेल्या गोटुलाचं लाकूड वनखात्याने उचलून नेलं, तेव्हा आजूबाजूच्या गावांनीही गोटुलं उभारायचं ठरवलं. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ वाचाच. देवाजींना ‘नेता’ म्हणून एकटं बाजूला काढता येत नाही, हे तिथे नीट कळतं. आपण व्यक्तीचा प्रवास लिहायला जातो आणि हाती ग्रामसभेचा प्रवास लागतो.

तिन्ही दारांत एक गोष्ट समान आहे. मोठ्या निर्णयाचा क्षण सापडत नाही. सापडतं ते कुणीतरी सांगितलेलं एक लहान काम: हा कागद वाच, या तलावाच्या वनस्पतींची नावं सांग, आज अभ्यास गटाला ये.

मग मुलाखतीत काय विचारायचं?

माझी प्रश्नावली आता अशी आहे.

1. या कामात तुम्हाला सगळ्यात आधी कुणी बोलावलं? तो माणूस तुमचा कोण लागत होता?
2. पहिलं काम काय केलं? सतरंज्या टाकल्या, सह्या गोळा केल्या, की भाषण केलं?
3. त्या वेळी घरी काय चाललं होतं? शेतीचा हंगाम कोणता होता?
4. तुमच्याबरोबर आणखी कुणाला बोलावलं होतं? ते का थांबले?
5. मध्ये काम सोडावंसं कधी वाटलं? तेव्हा काय झालं?

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड, पण तो सोडू नका. जे थांबले त्यांनाही भेटा. ते भित्रे किंवा विकले गेलेले असतात, असं कार्यकर्ते कधी कधी सांगतात. भेटलात तर कळतं, कुणाची आई आजारी होती, कुणावर सोसायटीचं कर्ज होतं, आणि कुणाला खरंच कुणी पुन्हा बोलवायलाच आलं नाही.

आणखी एक. आठवण ही आजच्या नजरेने सांगितलेली असते. पंचवीस वर्षांनी माणूस आपली गोष्ट सरळ रेषेत सांगतो. तो खोटं बोलत नसतो, गोष्ट सांगण्याची तीच रीत आहे. म्हणून जुनी निवेदनं, पोचपावत्या, सभेचं वृत्त, लग्नपत्रिका, काय मिळेल ते शेजारी ठेवून वाचा. काकांच्या घरी एका पिशवीत निवेदनांच्या प्रती होत्या. पहिल्या निवेदनावर त्यांची सही अकरावी होती. पुढच्या वर्षी चौथी. त्यानंतर पहिली. माझ्या कोणत्याही प्रश्नापेक्षा त्या तीन कागदांनी जास्त सांगितलं.

नावाचं काय?

शेवटी हे सांगितलंच पाहिजे. आंदोलन केलं की गुन्हे दाखल होतात, तारखा पडतात. प्रबंध विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढतो, तो कुणीही उघडू शकतो. काका मला म्हणाले, नाव लिहा, लपवायचं काय त्यात? पण त्यांच्या गोष्टीत त्यांचा भाऊ आहे, शेजारी आहेत, त्या दिवशी रस्त्यावर बसलेल्या पाच बायका आहेत. त्यांचं नाव लिहिलं की गाव कळतं, गाव कळलं की त्या पाचही जणी कळतात. त्यांना मी विचारलं नव्हतं. परत गेलो, विचारलं. दोघी हो म्हणाल्या, तिघींनी नको सांगितलं.

म्हणून प्रबंधात काकांचं नाव नाही. हे सांगायला गेलो तेव्हा ते थोडे नाराज झाले. मग म्हणाले, “बरं. पण अकराव्या सहीचं लिहजो.”

ते लिहिलंय.