इंजिन उघडलेच आहे, तर टायमिंग चेनही बघा

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर कितीतरी घरांची रोजी दुचाकीवर चालते. कुणी तिच्यावर दुधाचे कॅन बांधतो, कुणी कपड्यांचे गठ्ठे घेऊन आठवडी बाजार गाठतो. गाडीने धूर सोडायला सुरुवात केली आणि मिस्त्रीने ‘इंजिनचं काम निघालंय’ म्हटले, की भिशीचे पैसे बाहेर निघतात. मग पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह यांच्या यादीत शेवटी एक नाव येते : टायमिंग चेन. ‘मागची चेन तर आत्ताच बदलली, आता ही कोणती?’ असा प्रश्न घरात हमखास निघतो.

ही चेन वेगळी. मागचे चाक फिरवणारी चेन बाहेर दिसते. टायमिंग चेन इंजिनच्या आत, तेलात फिरते. १९९४ साली आलेली स्प्लेंडर आणि तिच्यासारख्या १०० सीसीच्या अनेक गाड्यांत ती खालच्या क्रँकला वरच्या कॅमशी जोडते. कॅमवरच्या चक्राला क्रँकवरच्या चक्राच्या दुप्पट दात असतात. त्यामुळे क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते आणि व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडतात, मिटतात.

चेन ‘लांबते’ म्हणतात, पण लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिचे भोक थोडे थोडे झिजते, आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून चेन सैल होते. तेल कमी असेल किंवा काळे होईपर्यंत बदलले नसेल, तर झीज लवकर होते. सैल चेनमुळे कॅम मागे पडतो, गाडीची ओढ कमी होते. झीज फारच झाली तर चेन दात सोडते, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात. तेव्हा नुकतेच केलेले इंजिनकाम पाण्यात जाते.

आवाजावरून अंदाज येतो. टॅपेटचा आवाज ‘टिक टिक’ असा ठेक्यात येतो आणि टॅपेट जुळवले की कमी होतो. चेनचा आवाज खडखडाटासारखा असतो. सकाळी गाडी थंड असताना किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर तो जास्त जाणवतो.

खरी तपासणी इंजिन उघडल्यावरच होते. जुनी आणि नवी चेन शेजारी ताणून ठेवा. कड्या सारख्या असून जुनी लांब भरली तर ती गेली. दोन्ही चेन आडव्या धरा. जुनी बाजूला जास्त झुकली तरी तोच अर्थ. चक्राचे दात आकड्यासारखे वळले आहेत का, रबरी रोलरला खाच पडली आहे का, टेन्शनरची स्प्रिंग ढिली आहे का, तेही पाहा. रोलर झिजला असेल तर त्याचे तुकडे तेलाच्या जाळीत सापडतात. जाळी धुतलीच पाहिजे. झिजलेल्या दातांवर नवी चेन बसवली तर तीही लवकर जाते. म्हणून जे जे झिजले ते एकदमच बदलावे.

बसवताना खुणा महत्त्वाच्या. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण केसवरच्या खुणेसमोर आणि कॅमच्या चक्रावरची खूण हेडवरच्या खुणेसमोर आली पाहिजे. एक दात चुकला तरी गाडी नीट चालत नाही. किक मारण्याआधी इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा पाहाव्यात. कुठे अडकले तर जोर न लावता थांबावे.

चेन आत्ताच का बदलायची, याचे उत्तर मजुरीत आहे. चेन काढायला वरून हेड आणि बाजूने मॅग्नेट खोलावे लागते. पूर्ण इंजिनकामात हे दोन्ही खोललेलेच असते. चेनची किंमत एकूण खर्चाच्या मानाने लहान. पण चार महिन्यांनी तीच बदलायची म्हटली, तर मजुरी दुसऱ्यांदा, गॅस्केट दुसऱ्यांदा आणि धंद्याचे दिवसही पुन्हा बुडतात.

मात्र ‘आताच बदला’ या शब्दावर आंधळा विश्वास नको आणि उगाच संशयही नको. जुनी चेन नवीशेजारी ठेवून दाखवायला सांगा. बदललेला प्रत्येक भाग आणि बिल परत मागा. चांगला कारागीर यात अपमान मानत नाही, कारण गिऱ्हाइकाची उघडलेली गाडी त्याच्याकडे अमानत असते. चेन चांगली निघाली तर ‘हिला अजून काही होत नाही’ असे सांगून तीच परत बसवणारा मिस्त्रीही असतो. असा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नका, आणि मुलाला हा हुनर शिकवायचा असेल तर त्याच्याच हाताखाली ठेवा.